त्या श्वापदाचं माहेर कुठं?

सलाम ताई. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या प्रार्थना ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय, त्यात बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरण १३ मधलं श्वापद म्हणजे अमुक देश आणि ६६६ ची खूण म्हणजे अंगठ्याचा ठसा असं छातीठोकपणे सांगितलंय. ते बघितल्यापासून तुमच्या सासूबाई पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर अंगठा द्यायला तयार नाहीत, कारण वचनात ती खूण "उजव्या हातावर" असते असं लिहिलंय. आणि तुम्ही विचारताय की श्वापद, शिंगं, अजगर, सूर्य पांघरलेली बाई ह्या सगळ्याचा अर्थ लावायची काही पद्धत आहे का, की ज्याला जसं सुचेल तसं?

पद्धत आहे. पण आधी माझी फजिती ऐका, कारण पद्धत मला तिथूनच कळली.

मी नगरकडचा, बायबल स्टडी घेऊन तीसेक वर्षं तरी झाली असतील. १९८४ च्या सुमाराला मी बाविशीतला पोरगा, नुकतंच कुठलंतरी परदेशी पुस्तक वाचून डोकं फिरलेलं, तर मी मांजरपाटाच्या कापडावर पोस्टर कलरनी एक भलामोठा चार्ट रंगवला आणि उपासनेनंतर मंडळीसमोर टांगला. श्वापदाची दहा शिंगं म्हणजे युरोपच्या कॉमन मार्केटमधले दहा देश, कारण १९८१ ला ग्रीस आत आला आणि बरोब्बर दहा झाले होते, आणि यहेज्केल ३८ मधला देवाच्या लोकांवर चालून येणारा शत्रू गोग म्हणजे अर्थातच सोव्हिएत युनियन. लोक खूश, मी त्याहून खूश. १९८६ ला स्पेन आणि पोर्तुगाल आत आले, झाले बारा. आमच्या मंडळीतल्या एक मावशी, चौथीपर्यंत शिकलेल्या, मला दारातच म्हणाल्या, "बाळा, दोन शिंगं जास्तीची उगवली, आता श्वापद दुसरं आणायचं का?" मग १९९१ ला सोव्हिएत युनियनच उरलं नाही. तो चार्ट पुढं कित्येक वर्षं पेटीवर धूळ बसू नये म्हणून झाकायला वापरला, कापड चांगलं होतं.

त्या वेळी आमच्या एका म्हाताऱ्या पाळकांनी मला बोलावून एवढंच विचारलं, की तू ह्या चित्राचं सासर शोधत बसलायस, माहेर कुठलं ते बघितलंस का? म्हणजे हे चित्र आज कुठल्या घरात जाऊन बसतं ते नंतर, ते आलं कुठून? योहानानं पात्म बेटावर बसून हे प्रकटीकरण लिहिलं, त्यातली बहुतेक चित्रं त्यानं कोरी करकरीत आणलेली नाहीत, ती यशया, यहेज्केल, दानीएल, जखऱ्या ह्या जुन्या करारातल्या संदेष्ट्यांकडून आलीत. ज्यांनी पहिल्यांदा ती ऐकली त्यांच्या कानावर ती लहानपणापासून होती. आपण त्यांच्या शेजारी बसून ऐकायचं. हे समजलं की अर्धं काम होतं.

सगळ्यात सोपी जागा घेऊ, दानीएल ८. नवशिक्याला मी कायम इथूनच सुरू करायला सांगतो, कारण इथं प्रश्न आणि उत्तर एकाच अध्यायात आहे. दानीएलाला दोन शिंगांचा एडका दिसतो, त्याचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा लांब आणि ते लांब शिंग मागून उगवलेलं. मग पश्चिमेकडनं एक बकरा येतो, इतक्या वेगानं की पाय जमिनीला लागत नाहीत, डोळ्यांच्या मधोमध एक मोठं शिंग. तो एडक्याला तुडवतो, आणि ऐन भरात असताना त्याचं ते शिंग मोडतं, जागी चार उगवतात. आता इथं आपल्याला काही डोकं चालवायची गरजच नाही, देवदूत गब्रीएल स्वतः नावानिशी सांगतो (८:२०-२१): एडका म्हणजे मेदी आणि पारसी (इराणकडचे) राजे, बकरा म्हणजे ग्रीसचा राजा, मोठं शिंग म्हणजे पहिला राजा. पारसी मागून आले आणि मेदींच्या वरचढ झाले, म्हणून मागून उगवलेलं शिंग लांब. आणि तो पहिला राजा, अलेक्झांडर, इ.स.पू. ३२३ ला बाबेलमध्ये (बॅबिलॉनमध्ये) मेला तेव्हा पुरता तेहतीसचाही नव्हता, आणि राज्य त्याच्या सेनापतींनी वाटून घेतलं. चित्र आणि इतिहास कसे एकमेकांत बसतात बघा. आणि हेही बघा की बकऱ्याला दाढी होती का, एडका काळा का पांढरा, ह्यावर गब्रीएल एक अक्षर बोलत नाही. चित्रातल्या प्रत्येक केसाला अर्थ नसतो. दानीएल ७ मध्ये एकामागून एक चार श्वापदं येतात, त्यातल्या अस्वलाच्या तोंडात तीन फासळ्या आहेत, त्या तीन फासळ्या म्हणजे कोणते तीन देश ह्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. वचन सांगत नाही, मी पण सांगत नाही. अस्वल खादाड आहे एवढं कळलं तरी पुरे.

जाता जाता एक गंमत. तिथं ग्रीससाठी मूळ हिब्रू शब्द आहे "यावान", आणि आपला "यवन" हा शब्द त्याचा सख्खा चुलतभाऊ, दोन्ही आयोनिया ह्या एकाच नावावरून आलेले. संस्कृतात यवन म्हणजे ग्रीक, आणि आपल्या बखरी उघडल्या तर यवन म्हणजे मुसलमान. शब्द तोच, माणसं बदलली. उद्या कोणी बखर वाचून शिवाजी महाराज ग्रीकांशी लढले असं म्हणाला तर आपण हसू ना? चिन्हांचं असंच होतं, कोण बोलतंय आणि कधी बोलतंय ते न बघता अर्थ लावला की हीच गत.

शिंगाचं मात्र आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. हिब्रूत शिंग म्हणजे ताकद, आणि आपल्याकडे माणूस माजला की "शिंगं फुटली का तुला" म्हणतातच. दानीएल ७ मध्ये चौथ्या श्वापदाला फुटलेलं ते लहान शिंग, ज्याला माणसासारखे डोळे आणि मोठमोठ्या बाता मारणारं तोंड आहे, ते मराठी माणसाला ऐकताक्षणी कळतं. ते कोण, ह्यावर मात्र मतभेद आहेत आणि ते मी लपवणार नाही. बऱ्याच अभ्यासकांच्या मते चौथं श्वापद म्हणजे ग्रीक राज्य आणि लहान शिंग म्हणजे सीरियाचा ग्रीक राजा अँटिओकस एपिफेनस, ज्यानं इ.स.पू. १६७ ला यरुशलेमचं मंदिर विटाळलं. मंडळीची जुनी परंपरा चौथं श्वापद म्हणजे रोम असं धरते. मला गंमत वाटते ती चौथा एज्रा नावाच्या जुन्या यहुदी ग्रंथाची, पहिल्या शतकाच्या शेवटचा, त्यात देवदूत चक्क म्हणतो की हे तुझ्या भावाला दानीएलाला दिसलेलं चौथं राज्यच आहे, पण त्याला मी असा अर्थ सांगितला नव्हता जसा तुला सांगतोय. म्हणजे जुनं चित्र नव्या जुलमी सत्तेला लावायचं हे तेव्हाच्या लोकांनाही माहीत होतं, आणि आपण तसं करतोय हे ते उघड सांगत होते. आपले व्हिडिओवाले हेच करतात, फक्त सांगत नाहीत.

आता प्रकटीकरण १३. समुद्रातून श्वापद वर येतं, अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं, दहा शिंगं, सात डोकी. दानीएल ७ शेजारी उघडून ठेवा: सिंह, अस्वल, चित्ता आणि मग दहा शिंगांचं चौथं. योहानानं चारही एकात कोंबलीत, आणि क्रम उलटा केलाय. माहेर सापडलं की नाही? आजवर ज्या ज्या राज्यांनी देवाच्या लोकांना छळलं त्या सगळ्यांचा अर्क एकाच जनावरात. पुढं १७ व्या अध्यायात त्या श्वापदावर बसलेली एक बाई दिसते (सूर्य पांघरलेली ती वेगळी), आणि तिथं किल्लीही दिलेली आहे, सात डोकी म्हणजे सात डोंगर ज्यांवर ती बाई बसलीय, पाणी म्हणजे लोक आणि राष्ट्रं, ती बाई म्हणजे पृथ्वीच्या राजांवर राज्य करणारी मोठी नगरी. सात बेटांचं शहर म्हटलं की आपल्याला मुंबई सांगावी लागते का? तसं त्या काळी सात टेकड्यांचं शहर म्हणजे रोम, शेंबड्या पोराला पण माहीत. वेस्पासियन बादशहाच्या काळातलं इ.स. ७१ चं एक नाणंच आहे, रोमा देवी सात टेकड्यांवर ऐसपैस टेकून बसलेली. लोकांच्या कनवटीला हे चित्र होतं, योहानानं तीच बाई घेतली आणि तिला पवित्र जनांचं रक्त पिऊन झिंगलेली दाखवली. आपल्याकडे व्यंगचित्रात घड्याळ, मशाल, धनुष्यबाण, कमळ काढलं की खाली नाव लिहावं लागत नाही, तसंच. पण दोन हजार वर्षांनी ते व्यंगचित्र कोणाच्या हाती लागलं आणि त्याला आपल्या निवडणुकाच माहीत नसल्या, तर तो बिचारा घड्याळात किती वाजलेत ह्याचाच अर्थ काढत बसेल.

आणि ६६६, म्हणजे श्वापदाच्या नावाचा आकडा. तेव्हा आकड्यांसाठी वेगळी चिन्हं नव्हती, हिब्रू आणि ग्रीकमध्ये अक्षरंच आकडे, आपल्याकडे कटपयादी ह्या अक्षरांतून आकडे सांगायच्या जुन्या पद्धतीत असायचे साधारण तसे. त्यामुळे प्रत्येक नावाची बेरीज निघायची. पाँपेई शहर इ.स. ७९ ला ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, तिथल्या एका भिंतीवर कुणीतरी खरडून ठेवलंय, जिचा आकडा ५४५ तिच्यावर माझं प्रेम आहे. आता सांगा ती कोण? तुम्हाला मला कधीच कळणार नाही, पण त्या गल्लीतल्या मैत्रिणींना नक्की कळलं असणार. नावावरून आकडा काढणं सोपं असतं, आकड्यावरून नाव काढायचं तर आधीच माहीत असावं लागतं की बोलणं कोणाबद्दल चाललंय. योहान आपल्या ऐकणाऱ्यांना म्हणतो हिशेब करा, म्हणजे त्यांना जमण्यासारखा होता.

सगळ्यात जास्त अभ्यासकांना पटणारं उत्तर रोमचा बादशहा निरो कैसर. हिब्रू अक्षरांत "नेरोन केसर": नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, हे झाले ३०६. मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००, हे ३६०. बेरीज ६६६. ह्यातली खरी मजा अशी की काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ च्या ऐवजी ६१६ आहे, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंखसला सापडलेल्या एका जुन्या तुकड्यात पण तेच. आणि "नेरोन" मधला शेवटचा नून काढून लॅटिन पद्धतीनं "नेरो" लिहिलं तर बरोबर पन्नास कमी, ६१६. दोन्ही आकडे एकाच नावातून निघतात असं दुसरं उत्तर मला तरी अजून कोणी दाखवलं नाही. अडचण पण सांगतो, दुसऱ्या शतकातला मंडळीचा पुढारी आणि लेखक इरेनियस ह्या आकड्यावर बरंच लिहितो, ६१६ चूक आहे म्हणतो, तीन नावं सुचवतो, आणि त्यात निरो नाही. म्हणून मी वर्गात "बहुधा" म्हणतो, आणि तुम्ही पण तेवढंच म्हणा. पण एखाद्याला बेरीज जमवायचीच असेल तर कोणाचीही जमते. सोळाव्या शतकात कॅथलिकांनी प्रोटेस्टंट सुधारक लूथरच्या नावातून ६६६ काढला, लूथरचा मित्र मायकेल स्टिफेलनं पोप दहाव्या लिओच्या नावातून काढला. हा स्टिफेल म्हणजे साधासुधा नव्हे, चांगला नावाजलेला गणिती आणि पाळक, त्यानं पुढं हिशेब करून १५३३ च्या ऑक्टोबरमधली जगाच्या शेवटाची तारीख पण काढली. काही झालं नाही आणि त्याला कोठडीची हवा खावी लागली. गणित चांगलं असून भागत नाही.

तारखांचा हाच घोळ अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकानं घातला, दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं धरून. प्रभूच्या येण्याची तारीख शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ठरली, हजारो लोक वाट बघत बसले, सकाळ नेहमीसारखी उजाडली. एक दिवस म्हणजे एक वर्ष हा नियम कुठून आला? बायबलमधल्या गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ ह्या वचनांतून. पण त्या दोन्ही ठिकाणी देव स्वतः म्हणतो की इथं एका दिवसाला एक वर्ष धर. जिथं म्हणत नाही तिथं आपणच धरायचं हे कोणी सांगितलं?

भाषेचा एक मुद्दा आहे, तो मराठीत वाचताना फार नडतो. आमोस ८ मध्ये देव विचारतो काय दिसतंय, आमोस म्हणतो उन्हाळी फळांची टोपली, आणि देव म्हणतो माझ्या इस्राएल लोकांचा शेवट आलाय. मराठीत वाचलं तर वाटतं, फळांचा आणि शेवटाचा काय संबंध? हिब्रूत फळं म्हणजे "कायित्स" आणि शेवट म्हणजे "केत्स", कानाला जवळजवळ सारखेच. यिर्मया १ मध्ये बदामाची डहाळी दिसते, "शाकेद", आणि देव म्हणतो मी लक्ष ठेवून आहे, "शोकेद". म्हणजे इथं चिन्ह डोळ्यासाठी नाहीच, कानासाठी आहे. बदाम मेंदूला चांगला म्हणून ज्ञानाचं प्रतीक, असा संदेश मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय, काय बोलणार! पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत आणलं, पण शब्दाची कोटी कोणाच्याच भाषांतरात टिकत नाही. मी शिकवताना "पिकलंय" हा शब्द वापरतो, टोपलीतली फळं पिकलीत आणि तुम्ही पण पिकलं पान झालायत. थोडं तरी पोचतं.

"अजगर" चं पण तसंच. प्रकटीकरण १२ मध्ये मराठीत अजगर म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर बकरी गिळून सुस्त पडलेलं धूड येतं. तो तसला नाही, त्याचं माहेर यशया २७ मधला लिव्याथान नावाचा राक्षसी साप आणि यहेज्केल २९ मध्ये नाईल नदीत पडून राहिलेला तो राक्षसी मगरीसारखा प्राणी, जो म्हणजे मिसरचा राजा फारो. आणि १२:९ मध्ये त्याचं नाव सांगितलंच आहे, तो जुना साप, सैतान. सूर्य पांघरलेल्या बाईचं माहेर उत्पत्ती ३७, योसेफाच्या स्वप्नातले सूर्य, चंद्र आणि तारे, म्हणजे याकोबाचं घराणं. कॅथलिक बांधव तिच्यात पवित्र मरीया बघतात, आणि बाळाला जन्म देणारी म्हटल्यावर ते काही ओढूनताणून नाही, पण मला ती आधी देवाची प्रजा वाटते, कारण पुढं रानात पळून जाणं आणि गरुडाचे पंख हे सगळं मिसरातून सुटकेचं आहे.

सूर्य काळा पडला, तारे गळाले, हे वाचून लोक ग्रहणाच्या तारखा बघतात. यशया १३ उघडा, तिथं सूर्य, चंद्र, तारे अंधारल्याचं असंच चित्र बाबेलबद्दल आहे, आणि बाबेल इ.स.पू. ५३९ ला पारसी राजा कोरेशाच्या हाती पडलं तेव्हा सूर्य जागच्या जागी होता. आभाळ कोसळलं, पायाखालची जमीन सरकली, असं आपण म्हणतो तेव्हा कोणी वेधशाळेला फोन करत नाही. ह्याचा अर्थ प्रभू परत येणार नाही असा मी म्हणतोय असं कृपा करून समजू नका, येणार आहे, विश्वासच आहे माझा. फक्त त्याच्या येण्याचं टाइमटेबल मी ताऱ्यांवरून काढत नाही.

मला स्वतःला सगळ्यात मोलाची वाटते ती अध्याय ५ मधली जागा. योहान रडतोय, वडीलमंडळीतला एक त्याला म्हणतो रडू नको, यहूदा वंशाचा सिंह जिंकलाय. हे त्यानं ऐकलं. वळून बघतो तर काय दिसतं, वधलेला कोकरा, म्हणजे येशू. ऐकला सिंह, दिसला कोकरा. तसंच अध्याय ७ मध्ये, ऐकले शिक्का मारलेले १,४४,००० लोक आणि दिसला न मोजता येणारा समुदाय. पुष्कळ ठिकाणी दिसणारं हे ऐकलेल्याचा अर्थ सांगतं, ही योहानाची लकब आहे, एकदा कळली की पुस्तक वेगळंच वाचलं जातं. त्या कोकऱ्याला सात शिंगं आणि सात डोळे. एकदा मी संडे स्कूलच्या पोरांना ते फळ्यावर काढायला लावलं, एक पोरगी दोन मिनिटं खडू घेऊन झगडली आणि म्हणाली, सर, हे कोकरू नाही राहिलं, फणस झालाय! बरोबर आहे तिचं. हे चित्र काढून भिंतीवर लावायला नाहीच, ते मोठ्यानं वाचून दाखवायला आहे (१:३ मध्ये वाचणारा आणि ऐकणारे असंच म्हटलंय). सात म्हणजे पूर्ण, शिंग म्हणजे ताकद, डोळे जखऱ्या ४ मधले, सगळीकडे बघणारे. पूर्ण सामर्थ्य, पूर्ण ज्ञान, आणि गळ्यावर सुरी फिरलेली.

आता सासूबाईंचं. खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर, ह्याचं माहेर जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, ६:८, देवाच्या आज्ञा हाताला बांध, डोळ्यांच्या मधे लाव. हात म्हणजे करणं, कपाळ म्हणजे मनात कोण आहे ते. श्वापद देवाची नक्कल करतंय. आणि अध्याय तेरा संपल्या संपल्या लगेच १४:१ मध्ये कोकऱ्याच्या लोकांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं आहे. ते नाव म्हणजे चिप आहे असं आजपर्यंत कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. एक चिन्ह मशीनचं आणि दुसरं आत्मिक, असं सोयीनं धरता येत नाही, शेजारी शेजारी आहेत ती. शिवाय ती खूण श्वापदाला नमन करणाऱ्यांची आहे, नकळत अंगठा टेकला आणि नरकात गेलो असं तिथं काही नाही. माझ्या आठवणीत आधी बारकोड होता, मग क्रेडिट कार्ड, मग आधार, मग लस, आता हे मशीन. हो, आणि "ख्रिस्तविरोधी" हा शब्द आख्ख्या प्रकटीकरणात एकदाही नाही, तो योहानाच्या पत्रांत आहे आणि तिथं तो म्हणतो असे पुष्कळ निघालेत. हे ग्रुपवर टाका, थोडी शांतता होईल.

त्यांच्याशी वाद घालू नका, घाबरलेल्या माणसाला वादानं जास्त भीती वाटते. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, त्यांच्याच बायबलमधून १३:११ पासून १४:५ पर्यंत मोठ्यानं सलग वाचा, मधे अध्यायाचा आकडा आला तरी थांबायचं नाही, ते आकडे हजारेक वर्षांनी घातलेत. मग त्यांनाच विचारा, आई, तुमच्या कपाळावर कोणाचं नाव आहे? त्या काय म्हणतील ते मला कळवा. आणि हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, शेवटच्या आठवड्यात बँकेत मरणाची गर्दी होते, तर त्याआधीच एखाद्या सकाळी घेऊन जा. म्हाताऱ्या माणसांचे ठसे कधीकधी मशीन पकडत नाही, तेव्हा बोटं आधी जरा पुसून घ्यायला सांगा.